आम्हा पाचजणींची मतं

"पुंडलिक गावंडे के पक्षवाले, एक कदम आगे... बढ़!"

नत्थूजी बोरकरांचा हुकूम पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरून निघाला, तो कडुनिंबावरचे कावळे उठवत थेट रेल्वे फाटकापर्यंत गेला. आणि झाडून सगळं मैदान एक पाऊल पुढं आलं.

त्यात गावंड्यांची माणसं होती, तशी नत्थूजींचीही होती. रांगेच्या टोकाला उभे असलेले खुद्द गावंडेही पुढं आले. स्वतःच स्वतःला मत देणं त्यांना शोभलं नसतं, पण पायांना कुठं एवढी समज असते? नत्थूजी क्षणभर गोंधळले. मग त्यांना वाटलं असावं, न्याय दोन्हीकडं सारखा हवा. त्यांनी पुन्हा छाती भरून घेतली आणि स्वतःच्या नावाचा हुकूम सोडला. मैदान आणखी एक पाऊल पुढं आलं.

दोन्ही उमेदवारांना सगळीच्या सगळी मतं पडली. अशी निवडणूक मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतही पाहिली नाही.

आम्ही पाचजणी कडुनिंबाखाली उभ्या राहून ती मजा बघत होतो. जिल्ह्यात मिळून तेवढ्याच महिला शिपाई होत्या. आम्हाला रांगेत घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या सिंधूबाई खंडारे गणवेशाच्या साडीच्या पदराआड हसून म्हणाल्या, "कवायतीच्या मास्तरानं निवडणूक घेतली की असंच होते व बाई. आता त्यानं 'थम' म्हणेपर्यंत हे चालतच राहतीन."

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. पोलिसांनाही संघटना करायला सरकारनं परवानगी दिली होती आणि आमच्या वऱ्हाडातल्या त्या लहानशा जिल्ह्याच्या गावातही प्रतिनिधी निवडायचं घाटत होतं. जो निवडून येईल त्यानं सगळ्यांच्या वतीनं एसपी साहेबांसमोर बसायचं आणि मागायचं. बसायचं आणि मागायचं, या दोन्ही गोष्टी आमच्यातल्या एकानंही जन्मात केल्या नव्हत्या. साहेब समोर आले की उभं राहायचं, आणि ते देतील ते घ्यायचं. तेवढंच ठाऊक.

उभे होते दोघं. नत्थूजी बोरकर मुख्यालयाचे जमादार. कवायत शिकवायचे. उंच, काळेसावळे, मिशा अशा की पोलीस लाइनीतली लहान पोरं त्यांना बघून जेवण संपवायची. पुंडलिकजी गावंडे शहर ठाण्याचे लेखनिक जमादार. नाकीडोळी नीटस, बोलणं पुस्तकातल्यासारखं. मुख्यालयाची माणसं बोरकरांची, ठाण्यांतली गावंड्यांची. मैदानावरचा घोटाळा झाल्यावर दुपारी बराकीत चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. त्या वेळी आम्ही पाचजणी बायका-कैद्यांना घेऊन कोर्टात गेलो होतो. परत येतो तो बराकीत शुकशुकाट. चिठ्ठ्या दोनदा मोजल्या होत्या आणि दोन्ही वेळा बरोबरी निघाली होती.

कुणीतरी म्हणालं, आता नाणं उडवा. तेवढ्यात एका म्हाताऱ्या पोलीस नाईकाला आठवलं की खात्यात बायकाही आहेत.

त्या संध्याकाळपासून आमचा जो मान वाढला तो काय सांगावा. एरवी आम्हाला 'ए बाई' म्हणून हाक मारणारे 'ताई, चहा घेतला का' असं विचारू लागले. शस्त्रागाराच्या भिंतीला लागून एक पडवी आम्हाला कपडे बदलायला दिली होती, तिच्या दाराला पडदा नव्हता. दुसऱ्या दिवशी एक सोडून दोन पडदे आले, एक मुख्यालयाकडून आणि एक ठाण्याकडून. सिंधूबाईंनी दोन्ही ठेवून घेतले. म्हणाल्या, दाराला एक आणि खिडकीला एक. कुणाचं मन कशाला मोडा?

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. नोकरीला दीडेक वर्ष झालं होतं. माझा कल गावंड्यांकडं होता, हे आता सांगायला हरकत नाही. शिकलेला माणूस, अर्ज छान लिहायचा, आणि आमच्याशी बोलताना टोपी हातात घ्यायचा. बाकीच्या तिघींचंही तसंच होतं. सिंधूबाई मात्र काही बोलत नव्हत्या. त्यांना त्या दोघांपैकी कुणाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना देणंघेणं होतं ते जत्रेशी.

जत्रा म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवरच्या देवीची, चैत्रातली. दोन महिन्यांवर आली होती. आदल्या वर्षी ती माझी पहिली जत्रा होती. जत्रेच्या आदल्या दुपारी सिंधूबाई मला म्हणाल्या, "इंदू, आता पाणी बंद." मला वाटलं, उपास असेल काहीतरी देवीचा. तो उपास नव्हता. टेकडी म्हणजे नुसता उघडा खडक. ना झाड, ना भिंत. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बायकांच्या रांगेला आम्हीच पाचजणी. जागा सोडायची नाही, बदलीला कुणी नाही, आणि सोडली तरी जायचं कुठं? पुरुष शिपाई कुठल्याही वळणामागं जाऊन यायचे. आमच्यासाठी त्या टेकडीवर वळण नव्हतं. म्हणून आदल्या दुपारपासून पाणी बंद. ही युक्ती सिंधूबाईंना त्यांच्याआधीच्या बाईंनी शिकवली होती. आता त्या मला शिकवत होत्या.

भर दुपारी उन्हात माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रांगेतच कोसळले. पुढं जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. कुणीतरी बाई ओरडली की पोलिसणीच्या अंगात आलं. झालं. माझ्या कपाळाला हळदीकुंकवाचा मळवट, ओटीत नारळ. एकीनं माझ्या कानाशी लागून विचारलं, पोराचं लग्न कधी जमते, माय? मी शुद्धीवर येत येत "पाणी, पाणी" म्हणत होते, तर त्यांनी ते देवीचं मागणं समजून तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं. सिंधूबाई वाट काढत आल्या, तोवर माझ्यापुढं साडेतीन रुपये दक्षिणा जमली होती.

मी तरुण होते, दोन दिवसांत उभी राहिले. सिंधूबाईंचं तसं नव्हतं. दर जत्रेनंतर त्यांना उन्हाळी लागायची, ताप भरायचा. त्या वर्षी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं की मूत्रपिंडाला धक्का बसला आहे, आणखी एक जत्रा अशी काढलीत तर नोकरी सोडावी लागेल, कदाचित त्याहून वाईट. आणि सिंधूबाई नोकरी सोडणार कशी? त्यांचे यजमान खात्यातच होते, ते वारल्यावरच त्यांना ही जागा मिळाली होती. दोन मुलं शाळेत. हे सगळं त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलं, जसं शेजारणीच्या घरचं सांगावं.

तेव्हा आमच्या मतांची किंमत ठरली. टेकडीवर आडोसा, आणि आळीपाळीनं सुट्टी देणारी एक जास्तीची बाई. सिंधूबाई म्हणाल्या, आधी उमेदवार पारखू. साहेबासमोर जे बोलायचं ते आधी आमच्यासमोर बोलून दाखवा.

पहिले गावंडे आले. चिवडा घेऊन आले. टोपी काढली, पडद्याचं कौतुक केलं, बहुतेक आपल्या बाजूचा कोणता हे ओळखून. सिंधूबाईंनी मागणी सांगितली आणि म्हणाल्या, मी साहेब, बोला. गावंड्यांनी घसा साफ केला आणि एका दमात म्हणाले, "महिला कर्मचाऱ्यांच्या नैसर्गिक अडचणींबाबत माननीय साहेबांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती."

आम्ही चौघी माना डोलावू लागलो. सिंधूबाईंनी चिवड्यातला एक शेंगदाणा तोंडात टाकला.

"छान हाय. पण यात संडास कुठं हाय?"

गावंडे हसले. म्हणाले, "बाई, तो गर्भितार्थ आहे. साहेब समजून घेतील."

"आणि त्यायले समजूनच घ्यायचं नसलं तर?"

त्यावरही ते हसले. त्यांचं हसणं फार गोड होतं.

मग नत्थूजी आले. रिकाम्या हातांनी आले आणि पडवीच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. बायकांच्या खोलीत येऊ कसा, म्हणाले. सिंधूबाईंनी त्यांना आत बोलावून ट्रंकेवर बसवलं. मागणी ऐकली तशी त्यांची मान खाली गेली ती वर येईना. ज्या माणसाच्या आवाजानं मैदान हलायचं, तो आमच्यासमोर पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत बसला.

"बोला जमादार. मी साहेब हाव."

"साहेब... बायकायची ते... ते व्यवस्था..."

"कायची व्यवस्था? जेवणाची?"

"नाही जी. ती दुसरी."

"झोपायची?"

आम्ही चौघी पदर तोंडात कोंबून बसलो होतो. नत्थूजींच्या कानामागून घामाची धार लागली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. तिसऱ्यांदा तर मिशाच थरथरल्या नुसत्या. शेवटी ते उठले, आमच्याकडं पाठ केली, भिंतीकडं तोंड केलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "संडास पायजे, साहेब." आणि मागं न बघता पडवीतून निघून गेले.

त्यांची पावलं दूर गेली तशी आम्ही पोट धरधरून हसलो. हसून झाल्यावर सिंधूबाई म्हणाल्या, आपलं मत बोरकरले. मी चाटच पडले. मी म्हटलं, अवो बाई, त्यांना तर एक शब्द बोलवत नाही, आणि तुम्ही त्यांच्या हाती आपलं गाऱ्हाणं देता? गावंडे कसे फाडफाड बोलले.

सिंधूबाई पडदा सारखा करत होत्या. म्हणाल्या, "गावंडेले ते सोपं गेलं, कारण त्यानं आपलं म्हणणं बाजूले ठेवून भलतंच म्हटलं. याले जड गेलं, कारण हा तेच म्हणायले पाहत होता." थोडं थांबून पुढं म्हणाल्या, "पण एकटा नको जायले तो. तू जा संगं."

अशा रीतीनं नत्थूजी बोरकर पाच मतांनी निवडून आले. गावंड्यांना चिटणीस केलं, म्हणजे ठाण्यांतल्या माणसांचा राग गेला. आणि एका सकाळी नत्थूजी, गावंडे आणि मी, असे तिघं एसपी साहेबांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. गावंड्यांच्या खिशात सुवाच्य अक्षरातला मागण्यांचा अर्ज. लाइनीतल्या गळक्या छपरापासून आठवड्याच्या सुट्टीपर्यंत सगळं त्यात होतं, आणि पहिली मागणी आमची. तशी अटच होती. नत्थूजी व्हरांड्याच्या खांबाकडं तोंड करून ओठ हलवत होते. मारुतीस्तोत्र म्हणताहेत असं कुणालाही वाटलं असतं. मला ठाऊक होतं ते काय घोकताहेत.

साहेब नवे होते, परप्रांतातले, वयानं माझ्या मोठ्या भावाएवढे. मराठी शिकत होते. टेबलावर ढीगभर फायली होत्या. आम्ही आत गेलो, तिघांच्या टाचा एकदम जुळल्या, तीन सलाम झाले. साहेबांनी फायलीतून मान वर केली आणि विचारलं, "हं, बोरकर. काही तक्रार?"

आता इथं सांगायला हवं की महिन्याच्या महिन्याला आमचा दरबार भरायचा. सगळे रांगेत, साहेब समोर, आणि साहेब विचारायचे, काही तक्रार? त्यावर रांगेनं एका आवाजात काय म्हणायचं ते ठरलेलं. डोक्यावर छप्पर गळत असो, तीन महिन्यांचा प्रवासभत्ता अडलेला असो, घरी बाळंतीण असो. उत्तर एकच. नत्थूजींनी ते पंचवीस वर्षं दिलं होतं.

"काही तक्रार नाही, साहेब!"

ते नत्थूजी म्हणाले. गावंडेही म्हणाले. आणि सिंधूबाईंनी मला मुद्दाम धाडलं होतं ती मी, मीही म्हणाले. तीन सलाम झाले, तिघं टाचेवर मागं वळलो आणि कदम मिळवून बाहेर आलो. व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आल्यावर एकमेकांच्या तोंडाकडं पाहिलं.

नत्थूजी पायरीवर मटकन बसले. जमादार उघड्यावर पायरीवर बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. गावंड्यांनी खिसा चाचपला. अर्ज तिथंच होता. ते म्हणाले, "असो. पुढच्या महिन्यात बघू," पण त्यांच्या चेहऱ्यावरचं ते गोड हसू काही येईना. पुढच्या महिन्यात चैत्र होता. पडवीत सिंधूबाई वाट बघत असतील, त्यांना जाऊन काय सांगायचं? विचारलं आणि आम्ही नाही म्हणालो, असं?

तेवढ्यात दारावरचा पट्टेवाला बाहेर आला. तोंडावर हसू दाबत म्हणाला, साहेब इचारून राहिले, तक्रार नाही त आले कायले?

नत्थूजी ताडकन उठले. घाम पुसायला काढलेली टोपी त्यांनी झटकली आणि डोक्यावर चढवणार, तेवढ्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"पोरी, टोपी दे."

"नाही देत."

"साहेबासमोर बोडक्यानं जाऊ?"

"तुम्हीच शिकवलं आम्हाला, नत्थूजी. डोक्यावर टोपी नाही तर सलाम नाही. सलाम केला की तुमची पाठ फिरते. आज तो करूच नका."

ते माझ्याकडं बघत राहिले. वर्षभर ज्या पोरीला उजवा-डावा शिकवला ती टोपी पाठीमागं लपवून उभी. शिक्षाच द्यायला हवी होती त्यांनी. गावंडे हळूच म्हणाले, नियमानं बरोबर आहे. मग स्वतःच्याही टोपीला त्यांनी हात घातला, पण काढली नाही. ठाण्याची माणसं सावध.

नत्थूजी आत गेले, मागोमाग आम्ही दोघं. त्यांचं टक्कल मी तोवर पाहिलं नव्हतं. टोपीखालचा भाग पांढरा फटक, खालचा उन्हानं रापलेला, मध्ये रेघ मारल्यासारखी. ते दारात उभे राहिले, टाचा जुळल्या, उजवा हात सवयीनं कानापर्यंत गेला, तिथं टोपी नाही म्हणून घुटमळला आणि खाली आला. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग समोरच्या खुर्चीकडं बोट दाखवलं. नत्थूजी खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकले. पाय तसेच जुळलेले, हात मांड्यांना चिकटलेले. आता त्यांच्या देहाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तोंड तेवढं मोकळं होतं. त्यांनी छाती भरून घेतली, आणि ती मैदानावरच्या हुकुमाला भरते तेवढी भरली.

"महिला शिपायांना टेकडीवर संडास पाहिजे, साहेब!"

शेजारच्या खोलीतलं टाइपरायटर थांबलं. व्हरांड्यातली कुजबुज थांबली. रस्त्यापलीकडं कोर्टाच्या आवारात एक वकील अशिलाला काही समजावत होते, त्यांनी, असं नंतर सगळ्या गावात सांगितलं गेलं, अशिलाला सोडून आमच्या इमारतीकडं पाहिलं. गावंड्यांनी डोळे मिटले. साहेबांच्या टेबलावरचं पेन गडगडत खाली पडलं, ते कुणी उचललं नाही.

साहेब हसले नाहीत, हे मी अजून त्यांच्या नावावर जमा धरते. हसले असते तर नत्थूजी तिथंच संपले असते. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांच्या त्या जपून बोललेल्या मराठीत विचारलं की जत्रा तर दरवर्षी होते, मग आजपर्यंत या बायका काय करत होत्या?

नत्थूजींना ते माहीत नव्हतं. आम्ही त्यांना शब्द शिकवला होता, त्यामागचं काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांनीही पाहिलं.

"पाणी पीत नाही, साहेब," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आदल्या दुपारपासून पाणी पीत नाही. जत्रा संपून लाइनीत येईपर्यंत."

"चैत्रात?"

"हो साहेब."

बाकीचं मी सांगितलं नाही. सिंधूबाईंच्या मूत्रपिंडाचं नाही, मळवटाचं नाही, महिन्याच्या चार दिवसांत त्या खडकावर काय होतं तेही नाही. साहेबांनी नत्थूजींना विचारलं, "बोरकर, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही, साहेब," नत्थूजी म्हणाले. त्यांचा आवाज मला ऐकू येईल एवढाच होता. त्या खोलीत आजवर जेवढे 'नाही साहेब' म्हटले गेले असतील, त्यांतला हा एक तरी खरा होता.

साहेबांनी दुसरं पेन घेतलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, होईल. शिवाय शेजारच्या जिल्ह्यातून दोन महिला शिपाई मागवून घेऊ, असंही म्हणाले. मग विचारलं, आणखी काय मागण्या आहेत? गावंडे अर्ज घेऊन पुढं सरसावले. त्यांच्यासाठी खरी वेळ आता आली होती. पण नत्थूजी खुर्चीवरून उठले होते, त्यांच्या अंगात काही उरलं नव्हतं. म्हणाले, "आज एवढंच, साहेब." गावंड्यांनी ते त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. आठवड्याची सुट्टी त्या माणसानं एका संडासापायी घालवली, असं ते निवृत्त झाल्यावरही पारावर बसून सांगायचे. अगदीच खोटं नव्हतं ते. पुढं दोन-तीन वर्षांत संघटनेची परवानगीच गेली आणि तो अर्ज कुणी वाचला नाही.

त्या महिन्यात नत्थूजींची गावानं जी थट्टा केली तिला सुमार नव्हता. लाइनीतली पोरं त्यांच्या मागून कवायत करत जायची आणि ठेक्यात तेच वाक्य म्हणायची. बाजारात भाजीवाल्यांनी विचारलं, जमादार, काय पाहिजे? आणि दोघं-तिघं खो खो हसले. त्यांच्या बायकोनं आमच्या पडवीत येऊन मला सुनावलं, की लग्नाला वीस वर्षं झाली, घरात ज्या माणसानं कधी तो शब्द काढला नाही, त्याच्याकडून तुम्ही तो कचेरीत ओरडवून घेतला. सिंधूबाईंनी तिला बसवून चहा पाजला. जाताना ती सिंधूबाईंची तब्येत विचारून गेली. मैदानावर आवाज पूर्वीसारखाच लागायचा, पण आम्हा पाचजणींशी बोलायची वेळ आली की नत्थूजी आकाशाकडं बघायचे.

जत्रेच्या दिवशी पहाटे आम्ही टेकडीवर चढलो. बायकांच्या रांगेच्या मागं, खडकाच्या उतारावर, बांबू रोवून तट्ट्यांच्या चार भिंती उभ्या केल्या होत्या. वर पत्रा, दाराला कडी, आत पाण्याचं पिंप. काही मोठं बांधकाम नव्हतं, वाऱ्यानं तट्टे खडखडत होते. आम्ही एकेक करून आत डोकावून आलो, एखादीचा नवा संसार बघावा तसं. शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या दोघी आमच्याकडं बघून हसत होत्या, की या बायांना झालंय तरी काय.

सिंधूबाई मात्र तिकडं गेल्या नाहीत. त्या आपल्या नेहमीच्या जागी, रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचे ओठ कोरडे पडले होते. मी विचारलं, बाई, काल दुपारपासून?

"सवय व माय," त्या म्हणाल्या. "तट्टे डोळ्यानं पाहिल्याबिगर कसा भरवसा ठेवू?"

मी पाणी आणायला वळले, तर समोरून नत्थूजी येत होते. पूर्ण गणवेशात, छातीवर बिल्ला, टोपी नीट बसवलेली. एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात तांब्या. शिपायांना पाणी द्यायचं काम जमादाराचं नसतं. रांगेतल्या बायका बघत होत्या, खालच्या वळणावरचे पुरुष शिपाईही मान उंच करून बघत होते. नत्थूजी सिंधूबाईंसमोर येऊन थांबले. त्यांनी आकाशाकडं पाहिलं नाही. बादलीत बुडवून तांब्या भरला आणि पुढं केला.

सिंधूबाईंनी तो घेतला. आधी तट्ट्यांकडं एकदा पाहिलं, मग मान मागं टाकून घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गणवेशाच्या काठावर ओघळलं तरी थांबल्या नाहीत. तळाशी पोचल्यावर तांब्या त्यांनी परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

"आनखी?" नत्थूजींनी विचारलं.

"द्या," सिंधूबाई म्हणाल्या.